वजडीचा पुदिना

“हा वजडीचा पुदिना आहे, एर्सिलियाकाकू,” भाजीवाली इलेनिया म्हणाली, आणि रोमच्या तेस्ताच्चो बाजारात, शनिवारच्या ऐन गर्दीत, एर्सिलियाचा हात होता तिथेच थांबला. पोरीने टोमणा मारला नव्हता. गल्ल्यातली चिल्लर चाळता चाळता, कुणाच्या कोटाचं बटण चुकीच्या काजात गेलंय हे सांगावं तितक्या सहज ती बोलून गेली होती. पण आठ आर्टिचोक बाजूला काढून एर्सिलियाने आत्ताच ती जुडी नाकाशी धरली होती, डोळे मिटले होते, खोल श्वास घेतला होता आणि ‘हं, हीच’ अशी मान हलवली होती. साठ वर्षांची सवय. साठ वर्षांत पुदिना तिने डोळ्यांनी असा पाहिलाच नव्हता. चष्मा पिशवीच्या तळाशी असायचा आणि काम नाक करायचं. आर्टिचोकला रानपुदिना, बारीक पानांचा. वजडीला बागेतला, मोठ्या पानांचा. रोममधलं माणूस एक वेळ स्वतःच्या लग्नाची तारीख विसरेल, हे विसरायचं नाही. ही चूक करते ती परगावची सून, तीसुद्धा पहिल्या वर्षी, आणि मग जन्मभर ती गोष्ट जेवणाच्या टेबलावर सांगितली जाते. एर्सिलियाची सून चिंत्सिया बेर्गामोची. एकवीस वर्षांपूर्वी तिने मोठ्या हौसेने आर्टिचोक केले होते, वजडीचा पुदिना घालून. ती गोष्ट दर वसंतात सांगायचा मान एर्सिलियाचा होता, आणि तो तिने एकदाही सोडला नव्हता.

“मग?” ती इलेनियाला म्हणाली. “आज शनिवार नाही का?”

“आहे की.”

“शनिवारी माणसं काय खातात? का तुमच्या पिढीला तेही शिकवायचं? वजडी करायचीय. आणि रानपुदिना मी मागणारच होते, तू तोंड उघडायची घाई केलीस.”

“चुकलं माझं,” इलेनिया हसली. “दोन्ही एकाच दिवशी! ओरेस्तेकाकांनी काय पुण्य केलंय कोण जाणे. आर्टिचोक सोलून देऊ का? पाच मिनिटं लागतील.”

“तुझ्या आजीला आर्टिचोक सोलायला माझ्या आईनं शिकवलं,” एर्सिलिया म्हणाली. “दे इकडे ते आठ. देठासकट.” दोन्ही जुड्या एकाच कागदात गुंडाळून आल्या. समोरच वजडीवाल्याचं दुकान, आणि पाठीवर इलेनियाची नजर असणार हे धरून चालायला हवं. तेव्हा ती मुकाट्याने तिथे जाऊन उभी राहिली आणि अर्धा किलो वजडी घेऊन बाहेर पडली. खोटं बोललं की ते शिजवावं लागतं, असं काहीसं मनात येऊन तिला हसू आलं.

नोव्हेंबरात ताप आला होता. सात दिवसांनी तो उतरला, आणि आठव्या दिवशी सकाळी कॉफीचं भांडं चुलीवर फसफसलं तेव्हा एर्सिलियाला वाटलं, आपण कॉफी घालायलाच विसरलो. झाकण उघडून पाहिलं तर काळीभोर कॉफी वर आलेली. ती वाकली, तोंडावर वाफ घेतली. वाफ गरम होती, ओली होती, आणि बस्स. होईल ठीक आठवड्याभरात, असं ती स्वतःला म्हणाली. मग नाताळ गेला. वास गेला की काय काय जातं याची यादी कुणी करून ठेवलेली नसते, ते एकेक करून कळतं. उशीला नवऱ्याचा, ओरेस्तेचा वास नव्हता. जिन्यात ओल्या चुन्याचा नव्हता. नातीला जवळ घेतलं तर नुसता स्वेटर हाताला लागला. जिभेला खारट कळायचं, कडू कळायचं, आंबट कळायचं. बाकी सगळं जेवण एकच होऊन बसलं होतं. आणि फेब्रुवारीत एकदा दूध उतू जाऊन चूल विझली आणि गॅस तसाच चालू राहिला. ती शेजारच्याच खोलीत बसून इस्त्री करत होती. ओरेस्ते बाहेरून आला, कोटही न काढता स्वयंपाकघरात गेला, खिडक्या सताड उघडल्या आणि म्हणाला, “आज हवा बरी आहे.” एवढंच. कडाक्याची थंडी होती. त्या दिवसापासून तिने चुलीपुढून हलायचं सोडलं होतं. भांडं चढवलं की ते उतरेपर्यंत खुर्ची टाकून तिथेच बसायचं.

ओरेस्तेच्या कानावर तिने काही घातलं नव्हतं. मुलाच्या, फाब्रित्सियोच्या तर नाहीच. कारण तसं कळलं की पुढे काय होणार हे तिला पाठ होतं. आधी सगळे हळू आवाजात बोलणार. मग गॅस काढून विजेची शेगडी येणार. मग रविवारचं जेवण ‘आता आमच्याकडे’. उद्या झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. त्या दिवशी आर्टिचोक याच घरात शिजतात, तिच्या आईपासून. चिंत्सियाचा काल फोन आला होता. “तुम्ही फार दमता हो. यंदा मी बाहेरून मागवू का? तिथले आर्टिचोक छान असतात. उद्या संध्याकाळपर्यंत सांगा, ऑर्डर द्यावी लागते.” आवाजात साखर होती आणि ती खरी होती, हेच जास्त वाईट. पोरगी मनाने चांगली. पण चांगुलपणाने काढून घेतलेली गोष्ट परत मागता येत नाही. “सांगते,” असं म्हणून एर्सिलियाने फोन ठेवला होता.

घरी आल्यावर तिने एप्रन बांधला, मोठ्या पातेल्यात पाणी घेतलं, त्यात दोन लिंबं पिळली आणि सालंही तशीच टाकली. ओरेस्ते पत्ते खेळायला गेला होता, चारपर्यंत यायचा नव्हता. आठ आर्टिचोक टेबलावर, मुठीएवढे गोल, जांभळट हिरवे, पानं घट्ट मिटलेली. बाहेरची जून पानं तिने एकेक करून खाली ओढून मोडली. प्रत्येक पान कट् करून तुटत होतं. ताज्या मालाची हीच खूण, आणि ती कानाने घ्यायची असते हे तिच्या आज प्रथमच नीट लक्षात आलं. मग सुरी. आखूड, पातं आत वळलेलं, मूठ आईच्या तळव्याने झिजवलेली. सुरी जागची हलवायची नाही. सुरी उजव्या हातात, अंगठ्याला टेकवून स्थिर, आणि डाव्या हाताने आर्टिचोक फिरवायचा, खालून वर, गोल गोल. पानाचं कडक टोक तेवढं उडतं आणि कोवळं राहतं. “सुरी फिरवशील तर अर्धा आर्टिचोक कचऱ्यात जाईल,” आई, क्विरिना, म्हणायची. “तू गप राहा, त्याला फिरू दे. नवऱ्याशीही असंच वागायचं असतं.” आणि बाजारातल्या बाया खो खो हसायच्या. उलट्या खोक्यावर आई बसलेली, पुढ्यात लिंबाच्या पाण्याची बादली, आजूबाजूला सालींचा ढीग गुडघ्यापर्यंत आलेला. दिवसाला तीनशे आर्टिचोक. नऊ वर्षांच्या एर्सिलियाला शाळेआधी वीस सोलावे लागायचे, आणि आर्टिचोकचा रस असा की लिंबाला न जुमानता बोटांत शिरून बसतो. नखांच्या कडा, पेरांच्या घड्या, सगळं काळं.

शाळेत रोज सकाळी सिस्टर बाकांवर हात ठेवायला लावायच्या. एर्सिलिया बोटं मुडपून ठेवायची. एके दिवशी सिस्टरांनी ती उलगडली आणि वर्गाला दाखवली. “मुलींनो, असे हात घेऊन येशूपुढे जायचं का?” वर्ग हसला. ती हात धुवायला गेली, दगडाने घासून घासून कातडं सोलवटलं आणि काळेपणा होता तसाच. दुसऱ्या दिवशी आई शाळेत आली, बाजारातल्या त्याच एप्रनमध्ये, त्याच सपाता फटफटवत. एर्सिलियाला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं. आईने सिस्टरांच्या टेबलावर आपले दोन्ही हात ठेवले, तळवे वर करून. “सिस्टर, रविवारी मठात आर्टिचोक झाले होते ना? कसे होते?” सिस्टर म्हणाल्या, “चांगले होते.” “ते या हातांनी सोलले. माझ्या लेकीचे हात काळे आहेत, घाण नाहीत. एवढा फरक कळायला शाळेत यावं लागतं असं मला वाटत होतं.” आणि आई निघाली. घरी जाताना एर्सिलिया तिच्या मागे दहा पावलं राखून चालत होती, कुणाला वाटू नये ही आपली आई. आईने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. ती दहा पावलं एर्सिलियाच्या छातीत अजून रुतून होती. मध्ये पासष्ट वर्षं गेली, आई गेली, आणि प्रत्येक वसंतात बोटं काळी झाली की एर्सिलिया ती मुद्दाम आठवडाभर धुवायची नाही नीट. मासे आणायला, बँकेत, मिस्साला, सगळीकडे तशीच जायची. कुणी पाहिलं तर आणखी पुढे करायची.

चौथ्या आर्टिचोकपर्यंत हात स्वतःच्या तालात आला. देठ चार बोटं ठेवून कापायचा, वरचं तंतुमय साल काढायचं, आत पांढरा गाभा लागेपर्यंत. मग पाण्यात बुडुक. सालीचा एक पट्टा न तुटता वेटोळं घेऊन तिच्या मांडीवर पडला, आणि तिला असा काही आनंद झाला की ती एकटीच मोठ्यांदा म्हणाली, “बघ, इलेनिया!” ह्या पोरींनी काय सोलायचं. पाच मिनिटं म्हणे! पाच मिनिटांत सोललेला आर्टिचोक आणि न्हाव्याकडून पळून आलेलं गिऱ्हाईक, दोन्ही सारखीच दिसतात.

आता पुदिना. तिने कागद उलगडला. गर्दीच्या गाडीतून आल्यासारख्या दोन्ही जुड्या एकमेकींत गुंतल्या होत्या, आणि मार्चमध्ये बागेतल्या पुदिन्याची टोकंही कोवळी, लहानच. तिने चष्मा लावला. चष्म्यातून हिरवं हिरवंच दिसलं. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईला हाक मारून “जरा हुंगून बघ गं” म्हणता आलं असतं. त्यापेक्षा बेर्गामोचे आर्टिचोक खाल्लेले परवडले. ती खुर्चीत बसली, डोळे मिटले आणि एक काडी उचलून अंगठा आणि तर्जनीमध्ये धरली. पान गुळगुळीत, शिरा फुगलेल्या, काडी चौकोनी कडांची. ती डावीकडे ठेवली. दुसरी. पानावर बारीक लव, मांजराच्या कानामागे असते तशी. पान गोलसर, नखाएवढं. तिच्या बोटांना हे सगळं माहीत होतं! साठ वर्षं नाकाने श्रेय घेतलं आणि बोटं बिचारी मागे उभी राहून सगळं पाहत होती, जशी मोठ्या बहिणीच्या मागे धाकटी. काडी काडी करून तिने दोन ढीग लावले. मग रानपुदिन्याचं एक पान चावलं. थोडं कडू, जिभेच्या टोकाला गार. वास नाही. पण गार होतं, आणि कडू होतं, आणि दुसऱ्या ढिगातलं पान गार होतं पण कडू नव्हतं. “बरोबर,” ती म्हणाली, आणि तिला चक्क रडू आलं, थोडंसं, मग थांबलं.

लसूण बारीक चिरला, पार्सली, रानपुदिना, मीठ. आर्टिचोक पाण्यातून काढून टेबलावर उपडे आपटले की पानं सैल होतात. मग अंगठ्याने मध्य उघडून मसाला आत दाबायचा. आठही जण उंच पातेल्यात उपडे उभे राहिले, डोकं खाली, देठ वर, एकमेकांना चिकटून, पडायला जागा नाही अशी गर्दी. निम्मं तेल, निम्मं पाणी. वर खाटकाकडचा पिवळा जाड कागद ओला करून, त्यावर झाकण. एकदा झाकलं की उघडायचं नाही. उघडून हुंगायचा मोह दर वर्षी व्हायचा आणि दर वर्षी ती एकदा तरी उघडायची, आईची शपथ मोडून. यंदा तो मोहच नव्हता. आईने शिकवलं होतं ते आता ती पहिल्यांदा आईसारखं पाळत होती. “पाणी बोलतंय तोवर बसून राहा. पाण्याचा आवाज जाड असतो. तेल बोलायला लागलं की आवाज बारीक होतो, तडतडतो. बंद कर तेव्हाच.” शेजारच्या चुलीवर टोमॅटोच्या रश्शात वजडी मंद खदखदत होती. एर्सिलिया दोन्ही चुलींच्या मध्ये खुर्ची टाकून बसली, काळी बोटं मांडीवर ठेवून, आणि दोन भांडी बोलताना ऐकत राहिली. वजडी म्हातारीसारखी बडबडत होती. आर्टिचोकच्या पातेल्यातलं पाणी जाड आवाजात, मग जरा कमी, मग मध्येच थांबून. पावणेचार वाजता तडतड सुरू झाली, बारीक, दूरवर कुणी वाळकी पानं तुडवावीत तशी. तिने चूल बंद केली. वजडीत मोठा पुदिना फाडून टाकला, वर पेकोरिनो चीज किसलं, आणि तीही चूल बंद.

आता फक्त ओरेस्ते. ओरेस्ते अर्धं आयुष्य ट्राम चालवत होता आणि त्याने जेवणाला तोंडाने कधी चांगलं म्हटलं नव्हतं. त्याच्या घरात तशी पद्धतच नव्हती. पण लग्नानंतरच्या पहिल्या वसंतात तो दुपारी डेपोतून परतला, आणि जिन्याच्या दुसऱ्या मजल्यावर, जिथे त्यांच्या चौथ्या मजल्यावरचा वास उतरून येतो, तिथे थांबून त्याने शीळ घातली होती. दोन सुरांची, ट्रामवाल्यांची. मग ते होऊनच बसलं. स्वयंपाक जमला असेल तर दुसऱ्या मजल्यावर शीळ, नसेल तर नुसती पावलं. एकदा त्याची आई जेवायला होती आणि एर्सिलियाने डोळ्यांनी विनवलं होतं, तरी शीळ आली नाही, कारण रस्सा करपला होता. तोंडाने ओरेस्ते हवं ते खोटं बोलायचा, पत्त्यांत तर रोजच. खोटी शीळ त्याने एकदाही घातली नव्हती. आणि नोव्हेंबरपासून जिन्यात शीळ वाजली नव्हती. खोकला आहे ना त्याला, असं एर्सिलिया हिवाळाभर स्वतःला सांगत होती.

चार वाजता खालचं दार वाजलं. पावलं. पहिला मजला, कठड्यावर अंगठी घासल्याचा आवाज, खोकला. दुसरा मजला. पावलं थांबली. एर्सिलिया उठून उभी राहिली. पावलं थांबलेलीच होती, आणि इमारतीत कुठेतरी नळ चालू होता, आणि अंगणात कुणी गालिचा झटकत होतं. शीळ आली नाही. पावलं पुन्हा चढू लागली, तिसरा मजला, चौथा. तिने टेबलाची कड धरली. ठीक आहे, ती मनात म्हणाली, मागवू दे चिंत्सियाला.

ओरेस्ते दार उघडून आत आला, टोपीसकट, धापा टाकत. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्याने एका पातेल्याकडे पाहिलं, मग दुसऱ्या. “दोन्ही इथंच?”

“इथंच म्हणजे? कुठं असणार?”

“मला वाटलं, एक कुणाच्यातरी घरात शिजतंय. वजडी आणि आर्टिचोक एकाच दिवशी तू कधी केलेयस? म्हटलं, दुसऱ्याच्या चुलीला शीळ घातली तर माझी अब्रू जायची. म्हणून वर येऊन बघितलं.” त्याने नाक वर करून मोठा श्वास ओढला, त्यात खोकला आला, खोकला संपल्यावर पुन्हा ओढला. “रानपुदिना. कागदासकट. आणि इकडे शनिवार.”

“ओरेस्ते,” ती म्हणाली, “मला वास येत नाही. नोव्हेंबरपासून. काहीच येत नाही.”

“माहितीय.”

“माहितीय? मग बोलला का नाहीस?”

“तू बोलत नव्हतीस. मी कोण मध्ये बोलणार? चार महिने मिठागर खाल्लं, चकार शब्द काढला नाही.” तो तिच्या बोटांकडे बघत होता. “गॅसचं माझं नाक बघेल. बाकीचं तुला येतं असं दिसतंय.” मग तो वळला आणि पुन्हा दाराकडे निघाला.

“आता कुठं? जिना चढून आत्ता तर आलास. छाती फुटेल!”

“थांब,” तो म्हणाला.

दार उघडंच राहिलं. पावलं उतरू लागली, एकेक पायरी, सावकाश, तिसरा मजला, कठड्यावर अंगठी. एर्सिलिया तिथे उभी राहून ऐकत होती, आणि तिला वाटलं, आईने त्या दिवशी मागे वळून पाहिलं नाही ते रागाने नसावं; येईल पोर, दहा पावलं आहेत, येईल, असं तिला माहीत असावं. एर्सिलियाने काळ्या बोटांनी फोन उचलला आणि सुनेचा नंबर लावला.

“चिंत्सिया, काही मागवायचं नाही. एक वाजता या. फार तर पाव आणा. आणि हे बघ, आणखी एक. मला नोव्हेंबरपासून वास येत नाही. आज बाजारात मी आर्टिचोकला वजडीचा पुदिना उचलला. होय, मीच. उद्या ही गोष्ट टेबलावर तू सांग, एकवीस वर्षं मी सांगितली. आर्टिचोक मात्र माझे खायचे.”

पलीकडून चिंत्सिया काही विचारायला लागली, डॉक्टर, गॅस, आणि मध्येच थांबली. जिन्यातून, दुसऱ्या मजल्यावरून, दोन सूर वर आले होते, खोकल्याने मध्ये तुटलेले, आणि पुन्हा पहिल्यापासून, सबंध.

“हा आवाज कसला येतोय?” चिंत्सियाने विचारलं.

“तुझे सासरे आहेत,” एर्सिलिया म्हणाली. “आर्टिचोक झाले.”